आकाशातला वळसा आणि त्याचं बिल

वाचकांचे प्रश्न, माजी फ्लाइट डिस्पॅचरची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी स्विंडनला असते. मे महिन्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा आम्ही सगळी गॅटविकहून चार दिवस टेनेरिफेला गेलो. जावयांनी फोनवर विमानाचा मार्ग दाखवला. मला वाटलं होतं, विमान फ्रान्स आणि स्पेनवरून सरळ खाली येईल. ते आधीच नैऋत्येला समुद्रावर गेलं आणि पोर्तुगालचा किनारा डाव्या हाताला खूप लांब ठेवून खाली आलं. जावई म्हणाले, "आई, पैसे वाचवतात." लांबून जाऊन पैसे कसे वाचतील? की आपली विमानं पाकिस्तानवरून जात नाहीत, तसं तिथेही काही भांडण आहे? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : ताई, भांडण नाही. जावयांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. आणि हा प्रश्न तुम्ही नेमक्या माणसाला विचारलात, कारण आखातातल्या एका विमान कंपनीत तेवीस वर्षं मी हेच काम केलं. विमान सुटण्याच्या तीन-चार तास आधी त्याचा मार्ग, उंची, तेल आणि ऐन वेळी उतरायला लागलं तर पर्यायी विमानतळ ठरवायचे, तो कागद कॅप्टनच्या हाती द्यायचा, दोघांनी सही करायची. त्यामुळे तुम्ही फोनवर पाहिलेली वाकडी रेघ पायलटने मनाने ओढलेली नव्हती. ती काही तास आधीच माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर ठरली होती.

आता पैशांचं. 7 डिसेंबर 1944 ला शिकागोत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. पंधरावं कलम सांगतं की नुसतं 'आमच्यावरून गेलात' म्हणून पैसे घ्यायचे नाहीत. मग पैसे कशाचे घेतात? सेवेचे. रडार, रेडिओ, आणि चोवीस तास पाळीत बसणारा कंट्रोलर, यांचा खर्च त्या आकाशातून जाणाऱ्या विमानांकडून वसूल होतो. आकाशात नाका नसतो, कुणी हात दाखवून थांबवत नाही. महिन्याचं बिल कंपनीकडे येतं. भारतावरून जाणाऱ्यांना ते भारतीय विमानतळ प्राधिकरण पाठवतं. युरोपातल्या चाळीसहून अधिक देशांचं बिल युरोकंट्रोल ही ब्रसेल्सची संस्था एकत्र करून पाठवते आणि मग ज्याचं त्याला वाटून देते.

युरोपातलं बिल असं निघतं. त्या देशावरून किती किलोमीटर गेलात, त्याला शंभराने भागायचं. विमानाचं कमाल उड्डाण वजन टनांत घेऊन पन्नासने भागायचं आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. हे दोन आकडे आणि त्या देशाचा दर, तिघांचा गुणाकार. वर्गमूळामुळे जड विमानांना सवलत मिळते : पन्नास टनांच्या विमानापेक्षा दोनशे टनांचं विमान चौपट जड, पण बिल दुप्पटच.

सगळी मेख दरात आहे, कारण दर प्रत्येक देशाचा वेगळा. आकडे घेऊनच दाखवतो. दर मी हिशेबाला सोपे घेतले आहेत. तुम्ही ज्यातून गेलात त्या जातीचं विमान साधारण 78 टनांचं धरा, त्याचा वजनाचा आकडा येतो 1.25. सरळ वाटेत 800 किलोमीटर महागड्या देशावरून, दर 70 युरो. आठ गुणिले सव्वा गुणिले सत्तर, म्हणजे 700 युरो. शेजारच्या देशाचा दर 35 युरो, पण तिकडून 60 किलोमीटर जास्त पडतात. आठ पूर्णांक सहा दशांश गुणिले सव्वा गुणिले पस्तीस, म्हणजे 376 युरो. बिलात 324 युरो वाचले. जास्तीचे 60 किलोमीटर म्हणजे चार-साडेचार मिनिटं. हे विमान तासाला अडीच टनांच्या आसपास तेल जाळतं, तेव्हा जास्तीचं तेल 180 किलो. किलोला 70 सेंट धरले तर 126 युरो. वैमानिकांचा, देखभालीचा चार मिनिटांचा खर्च घातला तरी लांबची वाट स्वस्तच पडते. लांबून जाऊन पैसे वाचतात, ते असे.

आता तुमची वाट. इंग्लंडहून कॅनरी बेटांकडे जाताना ब्रिटनच्या नैऋत्येला, स्पेन-पोर्तुगालच्या पश्चिमेला महासागरावरून काही ठरलेले मार्ग आहेत. त्यांच्या नावात 'टी' हे अक्षर असतं, म्हणून आमच्या धंद्यात त्यांना टँगो रूट म्हणतात. टी 9, टी 16 हे त्यांतले. ते फ्रान्स आणि स्पेनच्या आकाशाला बगल देतात. महासागरावर ब्रिटन आणि आयर्लंड मिळून सांभाळतात त्या शॅनविक भागात किलोमीटरवर बिल नसतं, एका उड्डाणाला ठरावीक आकार असतो. त्याच्या खाली पोर्तुगालचा सांता मारिया भाग, त्याचा दर मुख्य युरोपच्या मानाने फार कमी. त्यामुळे त्या बाजूने बिल हलकं होतं. तरीही तुमच्या त्याच दिवसाचं कारण पैसेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. फ्रान्सच्या कंट्रोलरांचा संप असला किंवा तिथल्या आकाशात गर्दी होऊन विमानांना तासभर थांबवून ठेवत असले, तर हीच वाट वेळ वाचवायला घेतात. वाऱ्यासाठीही घेतात. डिस्पॅचरच्या संगणकात तेल, वेळ आणि देशोदेशीचं बिल या तिन्हींची बेरीज होते, आणि जी वाट एकूण स्वस्त ती वर येते.

मी कामाला लागलो तेव्हा ही तिसरी रक्कम मला ठाऊकच नव्हती. पहिल्या वर्षी रात्रपाळीला एका मार्गाची रेघ इटलीऐवजी एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडून, क्रोएशियाच्या बाजूने उतरलेली दिसली. मला वाटलं संगणक चुकला. मी हाताने सरळ मार्ग काढून वरिष्ठांकडे नेला. ते केरळचे, शांत गृहस्थ. त्यांनी काही न बोलता कॅलक्युलेटर पुढे सरकवला आणि माझ्याकडूनच दोन्ही बेरजा करून घेतल्या. त्या काळात इटलीचा दर क्रोएशियापेक्षा बराच चढा होता. माझी सरळ रेघ दीडशे डॉलरनी महाग निघाली. त्यानंतर मीही संगणकाने वर आणलेली वाट घेत गेलो. प्रत्येक फ्लाइटवर दीडशे डॉलर, दिवसाला डझनभर फ्लाइट, वर्षभर. कंपनीच्या दृष्टीने ती रक्कम लहान नसते आणि मी कंपनीचा नोकर होतो.

पण एक रात्र मी विसरलेलो नाही. चवथीच्या आदल्या दिवसाची. इटलीहून येणाऱ्या फ्लाइटचा मार्ग मीच काढला होता, सहा मिनिटं लांबचा आणि नेहमीसारखा स्वस्त. तिकडून निघायला उशीर झाला, वाटेत समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा लागला. विमान उतरलं तेव्हा गोव्याच्या फ्लाइटचं दार नुकतंच बंद झालं होतं. पुढची फ्लाइट दुसऱ्या रात्री. माझ्या पडद्यावर अकरा नावं आली, सगळी आपल्याकडची. तारवटी, नऊ-नऊ महिने क्रूझवर काम करून चवथीला घरी निघालेले. मी पाळी संपवून खाली ट्रान्सफर काउंटरवर गेलो. एक काणकोणचा मुलगा होता, त्याच्या हातात पिशवी, पिशवीत बायकोने सांगितलेली, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची रंगीत माळ. तो कुणावर ओरडला नाही. फक्त विचारलं, "सकाळी नऊला पूजा, तोवर काहीच नाही का?" काहीच नव्हतं. त्या सहा मिनिटांनीच दार बंद झालं असं मी म्हणत नाही, उशीर होताच. पण ती सहा मिनिटं माझ्या हातची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट केली. मार्ग काढण्याआधी त्या फ्लाइटमधून पुढे किती लोक कुठे जाणार आहेत, ती यादी मागवू लागलो. पुढची फ्लाइट घट्ट असेल तर स्वस्त वाट बाजूला ठेवून सरळ वाट द्यायचो आणि शेऱ्यात कारण लिहायचो. दोन वर्षांनी आमच्या विभागात तो रिवाजच झाला. या कामात माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम मी तेच मानतो.

पाकिस्तानचं प्रकरण मात्र निराळं आहे, त्याची यात गल्लत करू नका. तिथे आकाश महाग नाही, बंद आहे. 2019 मध्ये 27 फेब्रुवारीपासून 16 जुलैपर्यंत ते बंद होतं, आणि त्या काळात एकट्या एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि 30 एप्रिलला आपणही त्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. याचा खरा त्रास दिल्लीला. तिथून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेला अरबी समुद्रापर्यंत यावं लागतं. गोव्याहून आखाताकडे जाणारं विमान मुळातच समुद्रावरून, मग ओमानवरून जातं, म्हणून आपल्याला ते फारसं जाणवत नाही. रशियाचंही तेच. 2022 पासून युरोपातल्या बहुतेक कंपन्यांना सायबेरियावरून जाता येत नाही, आणि हेलसिंकीहून टोकियोला जिथे साडेनऊ तास लागत तिथे आता तेराच्या आसपास लागतात. बंद आकाशाचा वळसा तासांचा असतो. महागड्या आकाशाचा मिनिटांचा, आणि म्हणूनच तो कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : मी फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थोडे पैसे वाचवायला विमानं जास्त तेल जाळतात हे टोल चुकवण्यासारखंच झालं. यावर बंदी का नाही? — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : 'टोल चुकवणं' हा शब्द इथे बसत नाही. टोल चुकवणारा कुणालाच पैसे देत नाही. इथे कंपनी पैसे देते, फक्त स्वस्त शेजाऱ्याला देते. त्यामुळे हे बेकायदा नाही आणि बंदी घालायला पकडणार कुणाला? माझी तक्रार बिल काढण्याच्या पद्धतीवर आहे.

वरच्या उदाहरणातले 180 किलो तेल घ्या. एक किलो विमान इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे साडेपाचशे किलोहून अधिक, एका विमानाच्या एका फेरीला, आणि त्यातून प्रवाशाला काहीही मिळालं नाही. वादळ टाळायला, वारा पकडायला जाळलेलं तेल मी कधी वाया गेलं म्हटलं नाही. हे मात्र वाया गेलेलं आहे. आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या तेलावर बहुतेक ठिकाणी कर नाही, म्हणून तेल बिलाच्या मानाने स्वस्त राहतं आणि वळसा परवडतो. युरोपच्या आतल्या उड्डाणांना 2012 पासून कार्बनचे परवाने घ्यावे लागतात, त्यामुळे तिथे तरी धुराला किंमत आली. माझ्या टेबलावरच्या हिशेबात धुराची ओळ शेवटपर्यंत नव्हती.

दुसरी अडचण तू अभियंता होणार आहेस म्हणून सांगतो. दर ठरतो कसा? त्या देशाचा वर्षाचा एकूण खर्च भागिले अपेक्षित वाहतूक. कंट्रोलर, रडार, इमारत यांचा खर्च विमानं कमी झाली म्हणून कमी होत नाही. विमानं शेजारी वळली की भागाकारातला खालचा आकडा लहान होतो, दर वाढतो, मग आणखी विमानं वळतात. इकडे स्वस्त शेजाऱ्याच्या आकाशात गर्दी होते आणि तिथला कंट्रोलर एका वेळी जेवढी विमानं नीट सांभाळू शकतो, त्याच्या काठावर येतो. मला ही गोष्ट तेलाइतकीच खटकते.

एक सुधारणा झाली आहे. पूर्वी युरोपात विमानाने शेवटी दाखल केलेल्या आराखड्यावर बिल निघायचं. तेव्हा आराखडा स्वस्त देशावरून द्यायचा आणि वर गेल्यावर कंट्रोलरकडे सरळ वाट मागायची, असंही करता यायचं. 2020 पासून प्रत्यक्ष जिथून गेलात त्यावर बिल निघतं. कागद आणि आकाश यांचा मेळ बसला हे चांगलं झालं, पण वळशाचं कारण तसंच राहिलं.

माझ्या मते उपाय एकच : निघालेलं ठिकाण आणि पोहोचायचं ठिकाण यांतल्या सगळ्यांत जवळच्या अंतरावर बिल काढावं, मग विमान कुठूनही जाओ, आणि ती रक्कम ज्यांनी सेवा दिली त्या देशांत वाटावी. म्हणजे वळून जाण्यात एक पैशाचाही फायदा उरणार नाही. नाहीतर सगळ्या युरोपला एक दर लावा. एकच युरोपीय आकाश करण्याचे कायदे 2004 पासून होत आहेत, तरी दर देशागणिक वेगळेच आहेत, कारण ज्याचा दर चढा त्याला आपली कमाई सोडवत नाही. भारतात बघ, देश एवढा मोठा, पण बिल काढणारं प्राधिकरण एकच. म्हणून गोव्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाला पैशांसाठी मध्य प्रदेश टाळून राजस्थानवरून जायचं काही कारणच नाही. ते वळलं तर लष्कराच्या राखीव आकाशामुळे किंवा पावसाळी ढगांमुळे.

प्रश्न : हे शुल्क तिकिटावर कुठे दिसतं? — एक वाचक, डिचोली

उत्तर : दिसत नाही. तिकिटावर विमानतळ वापरकर्ता शुल्क, कर वगैरे वेगळे दिसतात. मार्गाचं बिल मूळ भाड्यात मिसळलेलं असतं. विमान वळलं म्हणून वाचलेले पैसे तुम्हाला परत मिळत नाहीत, तसे जास्तही लागत नाहीत. तुम्हाला पडतो तो फक्त वेळ. चवथीला किंवा नाताळाला विमान बदलून गोव्यात येणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा, दीड तासाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

प्रश्न : माझे वडील सांगत की पोर्तुगीज काळात दाबोळीहून सुटणारं विमान भारतावरून जातच नसे, समुद्रावरून कराचीला जाई. खरं का? — एक वाचक, वास्को

उत्तर : खरं. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा पोर्तुगीजांनी 1955 मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली, ट्रान्सपोर्तेस एरेओस द इंडिया पोर्तुगेसा. सगळे तिला टायप म्हणत. दाबोळीचा विमानतळही त्याच काळातला. दाबोळी, दमण, दीव आणि कराची अशी तिची वाट. दमण आणि दीव दोन्ही किनाऱ्यावर, त्यामुळे भारतीय भूमीला न शिवता समुद्रावरून जाता येई. पुढे लिस्बनपर्यंतही विमानं जात. तेव्हा बिलाचा प्रश्न नव्हता, परवानगीचा होता. मी आज तो नकाशा डोळ्यांपुढे आणतो तेव्हा मार्ग काढणाऱ्याची काळजी मला कळते : डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे जिथे उतरता येणार नाही असा किनारा, आणि बिघाड झाला तर हाताशी दमण-दीवच्या धावपट्ट्या.

18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज विमानं खड्डे चुकवून उडाली आणि समुद्रावरून खालून-खालून कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि टायप संपली.

तुमच्या वडिलांनी त्या विमानातून प्रवास केला असेल आणि घरात तिकीट किंवा वेळापत्रक असेल तर त्याचा फोटो मासिकाकडे पाठवा. दाबोळीहून दीवला किती मिनिटं लावत, ते मला वाचायचं आहे. त्यावरून ते किनाऱ्यापासून किती लांब राहत, हे मी काढून देईन.